मोटारीच्या इंजिनातील झडपांचा टकटकाट : कारणे, परीक्षा व दुरुस्ती

शेतीच्या कामात यंत्राचा वाटा जसजसा वाढत गेला, तसतसे यंत्राची निगा राखणे हेही शेतकऱ्याच्या नित्याच्या कामांपैकी एक काम होऊन बसले आहे. विहिरीवरचा पंप आणि ट्रॅक्टर यांच्या जोडीला आता पुष्कळ शेतकरी कुटुंबांच्या अंगणात एखादी लहान डिझेल मोटार उभी असते. भाजीपाला बाजार समितीत पोचविणे, बियाणे व औषधे आणणे, अडीअडचणीला आजारी माणसास तालुक्याच्या गावी नेणे ही सारी कामे तिच्यावर अवलंबून असतात. अशी मोटार ऐन हंगामात आठ-पंधरा दिवस गॅरेजमध्ये पडून राहिली तर होणारे नुकसान केवळ दुरुस्तीच्या खर्चापुरते मर्यादित राहत नाही.

या मोटारींच्या बाबतीत वारंवार ऐकू येणारी एक तक्रार म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरून येणारा 'टक्-टक्-टक्' असा बारीक, कोरडा व एकसारखा आवाज. याला बोलीत 'टॅपेट वाजणे' म्हणतात. आवाज ऐकून एखादा मिस्त्री दाट तेल ओतण्यास सुचवितो, तर दुसरा हेड खोलावे लागेल असे सांगून मोठ्या खर्चाचा अंदाज देतो. पुष्कळदा हे दोन्ही सल्ले अस्थानी असतात. हा आवाज काही वेळा केवळ तेल व तेलाची गाळणी बदलल्याने थांबतो. काही वेळा तो एखादा लहानसा भाग झिजल्याची खूण असते. क्वचित तो इंजिनातील वंगणाचा दाब घसरल्याचा पहिला इशारा असतो आणि त्याकडे दुर्लक्ष झाल्यास सबंध इंजिन निकामी होते. या तीन अवस्थांतील भेद ओळखता आला, तर अनाठायी खर्च आणि मोठे नुकसान ही दोन्ही संकटे टळू शकतात. यास्तव या विषयाची माहिती येथे क्रमाने दिली आहे.

झडपेला मोकळीक कशासाठी?

इंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरवर हवा आत घेणारी व धूर बाहेर सोडणारी अशा दोन प्रकारच्या झडपा असतात. कॅमशाफ्ट या दांड्यावरील उंचवटे फिरता फिरता या झडपांना दाबून उघडतात आणि स्प्रिंगा त्यांना पुन्हा मिटवितात. इंजिन तापले म्हणजे झडपेचा दांडा लांबीने वाढतो. झडप व तिला दाबणारा भाग यांच्यामध्ये थंड असताना मुळीच फट ठेवली नाही, तर तापल्यावर वाढलेला दांडा झडपेला पुरते मिटू देत नाही. झडपेचे तोंड मिटलेल्या अवस्थेत आपल्या बैठकीला टेकलेले असते व तेथूनच आपली बरीचशी उष्णता हेडला देऊन ते निवत असते. ते पुरते टेकले नाही, तर झडप जळते व सिलिंडरातील दाब निसटू लागतो. उलटपक्षी, फट प्रमाणाबाहेर राहिली तर प्रत्येक फेऱ्यात कॅमचा ठोसा त्या फटीतून झडपेवर आदळतो व टकटक ऐकू येते. शिवाय झडप उशिरा उघडून लवकर मिटते व इंजिनाची शक्ती घटते.

ट्रॅक्टर व पंपाच्या डिझेल इंजिनांत ही फट स्क्रू आणि नटाच्या साहाय्याने हाताने राखली जाते. फीलर गेजची पाती फटीत घालून तिचे माप घेतात. ती बहुधा एका मिलिमीटरच्या दोन ते चार दशांशांच्या दरम्यान असते. प्रत्यक्ष आकडा त्या त्या इंजिनाच्या पुस्तिकेतूनच घ्यावा. अशा इंजिनातील टकटक म्हणजे फट वाढल्याची सूचना होय आणि तिचा उपाय म्हणजे ठराविक तासांच्या कामानंतर टॅपेटची जुळणी करून घेणे, हा होय.

आधुनिक मोटारींपैकी पुष्कळांत मात्र हा स्क्रूच नसतो. तेथे फट राखण्याचे काम तेलाच्या दाबावर चालणारा एक लहानसा भाग आपोआप करतो. त्याला हायड्रॉलिक टॅपेट किंवा लॅश अॅडजस्टर म्हणतात. ही युक्ती नवी नाही. अमेरिकेतील कॅडिलॅक कंपनीने १९३० साली बाजारात आणलेल्या सोळा सिलिंडरांच्या मोटारीत ती वापरली होती. आपल्याकडे फियाटच्या आराखड्यावर आधारलेले व मारुती सुझुकीच्या स्विफ्ट, डिझायर यांसारख्या मोटारींत २०२० पर्यंत बसविले जाणारे १२४८ घनसेंटिमीटरचे डिझेल इंजिन हे याचे परिचित उदाहरण होय. त्याला चार सिलिंडर व सोळा झडपा आहेत आणि प्रत्येक झडपेमागे एक याप्रमाणे सोळा हायड्रॉलिक टॅपेट आहेत. या इंजिनाच्या असंख्य मोटारी आजही ग्रामीण भागात धावत असल्याने पुढील विवेचनात तेच उदाहरण मुख्यतः नजरेसमोर ठेवले आहे.

हायड्रॉलिक टॅपेटची रचना व कार्य

बोटाच्या पेराएवढा हा भाग म्हणजे एक लहानसे सिलिंडर व त्यात सरकणारा दट्ट्या होय. दट्ट्याच्या खाली एक कोठी असते. तिच्यात एक स्प्रिंग असते आणि कोठीच्या तोंडाशी एक बारीक गोळी असते. ही गोळी तेलाला कोठीत येऊ देते, पण परत जाऊ देत नाही. विहिरीवरील पंपाच्या सक्शन पाइपच्या टोकाला असलेला फूट व्हॉल्व्ह जे काम करतो, तेच काम येथे ही गोळी करते.

वर उल्लेखिलेल्या इंजिनात टॅपेट हेडमधील एका भोकात उभा बसविलेला असतो. रॉकर नावाच्या आखूड दांड्याचे एक टोक त्याच्या माथ्यावर व दुसरे टोक झडपेच्या दांड्यावर टेकते. रॉकरच्या मधोमध एक रूळ असतो. कॅमचा उंचवटा या रुळाला दाबतो व झडप उघडते.

झडप मिटलेली असते त्या वेळी टॅपेटमधील स्प्रिंग दट्ट्याला वर ढकलते व जी काही फट असेल ती भरून काढते. दट्ट्या वर सरकल्याने कोठीत जी जागा होते, ती इंजिनाच्या वंगणवाहिनीतून आलेल्या तेलाने भरते. लगेच कॅमचा दाब आला की गोळी आपल्या जागी घट्ट बसते व कोठीतील तेल कोंडले जाते. तेल दाबले जात नसल्यामुळे टॅपेट त्या क्षणी लोखंडाच्या भरीव ठोकळ्याप्रमाणे टणक बनतो आणि सारा जोर झडपेकडे जातो. दट्ट्या व सिलिंडर यांच्यामधील अंतर एका मिलिमीटरच्या काही सहस्रांशांइतके असते; त्यातून प्रत्येक दाबासरशी तेलाचा अत्यल्प अंश पाझरतो व पुढील फेऱ्यात तो पुन्हा भरून निघतो. या पाझरामुळेच इंजिन तापून झडपेची लांबी वाढली तरी टॅपेट आपोआप तितका आखूड होतो. फट कायम शून्य राहते आणि हाताने जुळणी करण्याची गरज उरत नाही.

हे सारे एका गोष्टीवर अवलंबून आहे : कोठीत स्वच्छ, योग्य जातीचे व हवारहित तेल असले पाहिजे. पंपाच्या पाइपमध्ये हवा शिरली म्हणजे पंप पाणी सोडतो, हा अनुभव प्रत्येक शेतकऱ्यास आहे. टॅपेटच्या कोठीत हवा शिरली म्हणजे नेमके तसेच होते. हवा दाबली जाते, टॅपेट लिबलिबीत होतो, फट उघडी पडते आणि आवाज सुरू होतो.

आवाज येण्याची कारणे

पहिले कारण तेलाच्या पातळीचे. पातळी फार खाली गेली तर तेलपंप तेलाबरोबर हवाही ओढतो. ती खुणेच्या फार वर गेली तर फिरणारा क्रँक तेल घुसळून त्याचा फेस करतो. दोन्ही प्रकारांत टॅपेटमध्ये हवा जाते. म्हणून 'थोडे जास्त असलेले बरे' हा समज चुकीचा आहे.

दुसरे कारण तेलाच्या जातीचे. ट्रॅक्टरसाठी आणून ठेवलेल्या बॅरलमधील २०-डब्ल्यू-४० सारखे दाट तेल मोटारीतही ओतण्याची चाल पुष्कळ ठिकाणी आढळते. अनेक आधुनिक मोटारींची इंजिने ५-डब्ल्यू-३० सारख्या पातळ तेलासाठी बनविलेली असतात. हिवाळ्याच्या पहाटे दाट तेल बारीक वाहिन्यांतून वर चढण्यास वेळ लावते व तोवर टॅपेट कोरडे वाजत राहतात. शिवाय १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज ६ च्या नियमांनुसार तयार झालेल्या डिझेल मोटारींत धुरातील काजळी अडविणारी गाळणी असते. तिला कमी राख सोडणारे विशिष्ट तेलच चालते. ट्रॅक्टरच्या तेलाने ही महागडी गाळणी अकाली तुंबू शकते.

तिसरे कारण तेल जुने होण्याचे. मुदत उलटून गेलेले तेल काजळीने दाट होते, त्याचा गाळ बनतो आणि तो बारीक भोके बुजवितो. पालापाचोळा अडकला म्हणजे फूट व्हॉल्व्ह गळतो, तद्वतच गाळाचा एखादा कण गोळीखाली अडकला की टॅपेट तेल धरून ठेवू शकत नाही.

चौथे कारण तेलाच्या गाळणीचे. बऱ्याच गाळण्यांत, इंजिन बंद झाल्यावर तेल परत खाली वाहून जाऊ नये म्हणून एक रबरी झडप असते. हलक्या प्रतीच्या गाळणीत ती नीट मिटत नाही. रात्रभरात वाहिन्या रिकाम्या होतात आणि सकाळी काही वेळ टकटक ऐकू येते.

पाचवे कारण सर्वांत गंभीर होय. तेलपंप झिजणे, तेलटाकीतील जाळी तुंबणे किंवा क्रँकच्या बेअरिंगा झिजून तेल भराभर निसटणे यांमुळे तेलाचा दाबच घसरतो. टॅपेट हे तेलपंपापासून दूर, इंजिनाच्या माथ्यावर असल्याने दाब घसरल्याची झळ त्यांना लवकर लागते. येथे टॅपेट हा रोग नसून रोगाचे लक्षण असतो. नवे टॅपेट घालून पैसे खर्ची पडतात आणि मूळ दोष तसाच राहतो.

शेवटचे कारण म्हणजे खुद्द टॅपेट, रॉकरचा रूळ किंवा कॅमचा उंचवटा झिजणे. हे बहुधा दीर्घकाळच्या वापरानंतर किंवा वंगणाची आबाळ झाल्यानंतर घडते.

आवाजाची परीक्षा

पाना हाती घेण्यापूर्वी आवाज केव्हा येतो, याची दोन-तीन दिवस नोंद घ्यावी. या नोंदीवरून निम्मे निदान होते.

(१) सकाळी इंजिन चालू केल्यावर काही सेकंद आवाज येऊन तो आपोआप थांबत असेल, तर तेल खाली उतरले होते एवढाच त्याचा अर्थ. मोटार बरेच दिवस उभी राहिली असल्यास यात वावगे काही नाही. रोजच असे घडत असेल तर तेल व गाळणी तपासावी.

(२) थंड असताना इंजिन शांत आणि तापल्यावर मंद गतीत आवाज, असे असेल तर टॅपेट झिजून तेल भराभर पाझरते आहे किंवा तेलाचा दाब कमी आहे. तापलेले तेल पातळ होते व दोन्ही दोष उघडे पडतात. दाब मोजल्याखेरीज पुढे जाऊ नये.

(३) वेग वाढविल्यावर किंवा लांबच्या प्रवासात आवाज सुरू होत असेल, तर तेलात फेस होत असल्याची शंका घ्यावी व पातळी पाहावी.

(४) थंड व गरम दोन्ही वेळी एकाच जागेवरून सतत आवाज येत असेल, तर त्या जागेचा टॅपेट, रॉकर किंवा कॅम यांपैकी एक भाग दोषी असण्याचा संभव अधिक.

यानंतर तेलाची पातळी पाहावी. मोटार सपाट जागी उभी करून व इंजिन बंद केल्यावर पाच-दहा मिनिटे थांबून तेलकाडी पुसून पाहावी. पातळी मागील वेळेपेक्षा वर चढलेली दिसली आणि तेलास डिझेलचा वास येत असला, तर तेलात डिझेल मिसळत आहे असे समजावे. असे तेल पातळ होऊन त्याची वंगणशक्ती जाते. ते तात्काळ बदलावे व कारण शोधून घ्यावे.

इंजिन चालू असताना तेलाचा लाल दिवा लागला, तर त्याच जागी इंजिन बंद करावे. 'गाव दोन मैलांवर आहे, तेवढे जाऊ' असा मोह धरू नये. तेवढ्या अंतरात बेअरिंगा जळून क्रँक खराब होऊ शकतो. दिवा लागला नाही म्हणजे दाब पुरेसा आहे, असेही मात्र समजू नये. दाब फारच खाली गेल्यावर हा दिवा लागतो. खरा दाब जाणून घ्यावयाचा असल्यास दिव्याचा स्विच काढून त्या जागी दाबमापक बसवितात, आणि इंजिन तापल्यावर मंद व वाढीव अशा दोन्ही गतींत आकडे घेऊन ते पुस्तिकेतील आकड्यांशी ताडून पाहतात. हे काम अर्ध्या-पाऊण तासाचे असून त्यावर पुढील सारा निर्णय अवलंबून असतो.

तालावरूनही काही अंदाज येतो. कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्या गतीने फिरतो. मंद गतीत क्रँक मिनिटाला ८०० फेरे घेत असेल, तर एक झडप मिनिटाला ४०० वेळा, म्हणजे सेकंदाला सहा-सात वेळा उघडते. टॅपेटचा आवाज याच तालाचा, हलका व वरच्या बाजूने येणारा असतो. इंजिनाच्या पोटातून येणारा जड 'ठक-ठक' आवाज व भार पडताच वाढणारा ठोका हा बहुधा कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगचा असतो. तो ऐकू आल्यास मोटार चालवू नये.

आवाजाची जागा शोधण्यासाठी एखादी लांब लाकडी काठी घेऊन तिचे एक टोक इंजिनाच्या निरनिराळ्या भागांवर टेकवावे व दुसरे टोक कानाजवळ धरावे. हे करताना सैल कपडे, पदर किंवा उपरणे अंगावर असू नये आणि पट्टा व पंखा यांपासून हात दूर ठेवावा. विजेवर चालणारा पंखा अकस्मात सुरू होऊ शकतो, हेही ध्यानात असावे.

टॅपेटसारखे भासणारे इतर आवाज

डिझेल इंजिनात इंजेक्टरचाही टिकटिक असा आवाज येतो व त्याचा तालही तोच असतो. मात्र काठी टेकवून पाहिल्यास तो इंजेक्टरपाशीच सर्वांत स्पष्ट ऐकू येतो. धुराच्या मार्गातील गॅस्केट फुटले असल्यास 'चट्-चट्' असा आवाज येतो, चढावर तो वाढतो व जोडाशी काळी काजळी जमलेली दिसते. टायमिंग चेन सैल झाल्यास इंजिनाच्या एका टोकाकडून, विशेषतः चालू करताना, साखळी खळखळल्यासारखा आवाज येतो. हा दोष टॅपेटपेक्षा अधिक तातडीचा समजावा. कारण चेन घसरल्यास झडपा व दट्टे एकमेकांवर आदळतात.

येथे एक गंभीर सूचना द्यावीशी वाटते. जुन्या ट्रॅक्टरच्या इंजिनात कोणता सिलिंडर बिघडला आहे हे पाहण्यासाठी इंजेक्टरच्या नळीचा नट इंजिन चालू असताना सैल करण्याची पद्धत मिस्त्री मंडळींत रूढ आहे. कॉमन रेल पद्धतीच्या आधुनिक डिझेल मोटारीत असे कदापि करू नये. मोटारीच्या चाकातील हवेचा दाब सुमारे २ बार असतो, तर या नळ्यांतील इंधनाचा दाब एक हजार बारच्याही वर जाऊ शकतो. अशा दाबाने निसटलेली डिझेलची बारीक धार कातडी भेदून थेट मांसात शिरते. जखम टाचणीच्या टोकाएवढी दिसते, पण त्यामुळे बोट किंवा हात गमावण्याची पाळी येऊ शकते. अशी इजा झाल्यास दुखत नसले तरी तात्काळ रुग्णालय गाठावे व डिझेल आत शिरल्याचे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे.

पहिला उपाय : तेल व गाळणी

तेलाचा दाब समाधानकारक असेल व ठोक्यासारखा जड आवाज नसेल, तर प्रथम पुस्तिकेत सांगितलेल्या जातीचे नवे तेल व खात्रीची गाळणी घालावी. इंजिन पुरते तापवून, उभ्या मोटारीत मध्यम गतीवर म्हणजे मिनिटाला सुमारे २००० ते २५०० फेऱ्यांवर काही मिनिटे चालवावे, मग थोडा वेळ मंद गतीवर ठेवावे, आणि असे दोन-चार वेळा करावे. त्यामुळे कोंडलेली हवा निघून जाण्यास मदत होते. त्यानंतर शंभर-दोनशे किलोमीटर नेहमीप्रमाणे मोटार वापरून पुन्हा परीक्षा करावी. पुष्कळ वेळा तेवढ्याने आवाज थांबतो.

इंजिन धुण्यासाठी तेलात रॉकेल किंवा डिझेल ओतून ते चालविण्याचा प्रकार घातक आहे. त्यामुळे तेलाचा थर तुटून बेअरिंगा घासतात, आणि सुटलेला गाळ तेलपंपाच्या जाळीत जाऊन बसतो. आवाज दाबण्यासाठी दाट तेल घालणे हाही उपाय नव्हे. तेवढ्यापुरती टकटक कमी होते, परंतु बारीक वाहिन्यांना तेल उशिरा पोचते व झीज वाढते.

टॅपेट बदलण्याचे काम

वरील उपायांनी गुण आला नाही, दाब ठीक आहे आणि आवाज झडपांच्या बाजूचाच आहे अशी खात्री पटली, म्हणजे टॅपेट बदलण्याचा निर्णय घ्यावा. हे काम अनुभवी कारागिराकडूनच करवून घ्यावे. तथापि कामाचा क्रम मालकास ठाऊक असल्यास कामावर लक्ष ठेवता येते.

१. इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे व बॅटरीची ऋण तार सोडावी. वरचे झाकण काढण्यापूर्वी इंजिन बाहेरून स्वच्छ करावे. शेतातील धूळ व भुसा यांचा एखादा कणही आत पडता कामा नये. काम वाऱ्यावर, उघड्या अंगणात करू नये.

२. कॅमशाफ्ट व क्रँक यांची परस्परस्थिती पुस्तिकेत दाखविलेल्या खिळांनी पक्की करावी व मगच चेन सोडावी. या कामासाठी नेमकी हत्यारे नसलेल्या ठिकाणी अंदाजाने खुणा करून इंजिन खोलण्यास देऊ नये. चेन एखाद-दोन दातांनी चुकली तरी झडपा वाकण्याचा धोका असतो व किरकोळ दुरुस्तीचे रूपांतर मोठ्या खर्चात होते.

३. कॅमशाफ्ट धरणारे बोल्ट एकदम न काढता सांगितलेल्या क्रमाने थोडे थोडे सैल करावेत. एका बाजूने सोडल्यास झडपांच्या स्प्रिंगांच्या ताणाने कॅमशाफ्ट वाकडा होऊ शकतो.

४. काढलेले रॉकर व टॅपेट ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने ठेवावेत. सोळा खणांचा पुठ्ठा किंवा भोके पाडलेली फळी घेऊन तीवर आकडे घालावेत. जे भाग पुन्हा वापरावयाचे आहेत ते आपापल्या जागीच परत गेले पाहिजेत. कारण ते एकमेकांशी घासून जुळलेले असतात.

५. प्रत्येक टॅपेट उभा धरून अंगठ्याने जोराने दाबून पाहावा. तेलाने भरलेला चांगला टॅपेट दबत नाही. दोषी टॅपेट लिबलिबीत लागतो. मात्र हवा शिरल्यामुळेही तो दबतो. म्हणून स्वच्छ तेलात ठेवून, हवा काढून पुन्हा दाबून पाहिल्याशिवाय तो झिजला असे ठरवू नये. त्याच वेळी रॉकरचा रूळ खडखडतो काय व कॅमच्या उंचवट्यावर खड्डे किंवा ओरखडे आहेत काय, हे पाहावे. कॅम खराब असताना केवळ टॅपेट बदलल्यास श्रम व पैसा दोन्ही वाया जातात.

६. मोटार बरीच धावलेली असल्यास एक-दोन टॅपेट बदलण्यापेक्षा सर्व संच बदलणे हिताचे असते. भाग स्वस्त आहे, पण इंजिन उघडण्याची मजुरी मोठी आहे. ती दोनदा देण्याची पाळी आणू नये. भाग बंद पाकिटातील, पक्क्या पावतीसह घ्यावेत. जुने टॅपेट खोलून धुण्याचा प्रयत्न केल्यास एकाचा दट्ट्या दुसऱ्याच्या सिलिंडरात जाणार नाही, याची खबरदारी घ्यावी. ही जोडी एकमेकांसाठीच घासून बनविलेली असते.

७. नव्या टॅपेटच्या पाकिटावरील सूचना वाचाव्यात. काही तेल भरूनच येतात व ते उभेच ठेवावे लागतात. काही स्वच्छ तेलात ठेवून भरावे लागतात. ते जबरदस्तीने ठासून भरू नयेत. बसविताना भोके स्वच्छ पुसून तेलाचा हात लावावा.

८. कॅमशाफ्ट परत बसविताना बोल्ट ठराविक क्रमाने, टॉर्क पान्याने व सांगितलेल्या जोराने आवळावेत. त्यानंतर निदान अर्धा तास थांबावे. पुस्तिकेत अधिक वेळ सांगितला असल्यास तो पाळावा. टॅपेटमधील जादा तेल पाझरून जाण्यासाठी हा वेळ आवश्यक आहे. घाई केल्यास भरगच्च टॅपेट झडप उघडी धरून ठेवतात आणि वर येणारा दट्ट्या तिच्यावर आदळतो.

९. खिळा काढून क्रँक पान्याने हातानेच पूर्ण दोन फेरे फिरवावा. कोठेही अडकल्यासारखे वाटल्यास जोर न लावता थांबून जुळणी तपासावी.

१०. नवे गॅस्केट, नवे तेल व नवी गाळणी घालावी. पुस्तिकेतील रीतीने इंधन बंद ठेवून, तेलाचा दिवा विझेपर्यंत स्टार्टरने इंजिन थोडे थोडे फिरवावे आणि मग चालू करावे. पहिली काही मिनिटे टकटक ऐकू येईल; त्याने घाबरून जाऊ नये. प्रारंभी वेग वाढवू नये.

नित्याची काळजी

तेल बदलण्याची मुदत किलोमीटर व महिने अशा दोन्ही प्रकारे दिलेली असते. त्यांपैकी जी आधी येईल ती पाळावी. मोटार फार धावली नाही म्हणून दोन-दोन वर्षे तेच तेल ठेवणे योग्य नव्हे. कच्च्या, धुळीच्या रस्त्यावर व वारंवार थोड्या अंतराच्या फेऱ्यांसाठी वापर असल्यास मुदत आणखी कमी करावी. हवेची गाळणी वेळेवर साफ करावी किंवा बदलावी. आठवड्यातून एकदा तेलकाडी पाहावी. मोटारीचे तेल व ट्रॅक्टरचे तेल वेगवेगळ्या डब्यांत ठेवून त्यांवर ठळक अक्षरांत नावे घालावीत. थंड इंजिन चालू करताच ॲक्सिलरेटर दाबून गर्जना करविण्याची सवय मोडावी. त्या क्षणी वरच्या भागात तेल पुरते पोचलेले नसते. तेल बदलल्याची तारीख, किलोमीटर व तेलाची जात एका वहीत लिहून ठेवावी. मिस्त्री बदलला तरी ही वही त्याला अचूक माहिती देते.

सारांश

टकटक सुरू झाली म्हणजे पुढील क्रम पाळावा : प्रथम तेलाची पातळी व जात पाहावी, मग दाब मोजावा, त्यानंतर तेल व गाळणी बदलावी, काही दिवस वाट पाहावी आणि मगच इंजिन उघडण्याचा विचार करावा. हा क्रम कमी खर्चाकडून अधिक खर्चाकडे जाणारा आहे. त्याला अपवाद दोनच. तेलाचा लाल दिवा लागला किंवा पोटातून जड ठोका ऐकू आला, तर इंजिन तत्काळ बंद करावे व मोटार ओढून न्यावी. मिस्त्रीने दाब न मोजताच हेड खोलण्याचा सल्ला दिल्यास, 'आधी दाब मोजून आकडा सांगा' एवढेच त्याला नम्रपणे म्हणावे. जो कारागीर तो आकडा पुस्तिकेशी ताडून दाखवील, त्याच्या हाती मोटार निर्धास्तपणे सोपवावी.